चार्जरची वायर जंप स्टार्टला चालणार नाही

दादा, तुम्ही विचारलंय की ट्रिकल चार्जरची (बॅटरी हळूहळू चार्ज करत ठेवणाऱ्या छोट्या चार्जरची) वायर बाइकच्या बॅटरीला कायमची लावलेलीच आहे तर त्यातूनच जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या करंटवर बाइक चालू करणं, होईल का, तर प्लीज नका करू. त्या वायरीत साडेसात नाहीतर १० अँपिअरचा फ्यूज असतो, आणि ३५० सीसी बाइकचा सेल्फ मारला की करंट त्याच्या कितीतरी पट लागतो, फ्यूज लगेच उडणार. आणि फ्यूज काढून डायरेक्ट जोडलीत तर ती बारीक वायर सीटखाली वितळेल, पेट्रोलची टाकी शेजारीच आहे हो!

मी जंपसाठी वेगळी १६ स्क्वेअर एमएम जाडीची तांब्याची केबल घेतली, एकच हातभर, टोकाला लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) दाबून बसवून बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावली आणि दुसरं टोक साइड पॅनलच्या आत रबरी टोपी घालून ठेवलं. निगेटिव्हला वेगळी केबल नाहीच, इंजिनचा रंग नसलेला बोल्ट पुरतो. या केबलला फ्यूज नाही म्हणून फ्रेमच्या कडेला घासणार नाही असं बघा, वरून स्लीव्ह घाला. ही केबल बसवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, शेवटी तीच लावा.

कारवरून जंप देताना कार बंदच ठेवा.