तीन निविदा आल्या म्हणजे स्पर्धा झाली का?

नवशिका_सदस्य: निविदा छाननी समितीवर पहिल्यांदाच बसलोय. शाळेच्या इमारतीचं काम आहे. तीन निविदा आल्या, लिफाफे सगळ्यांसमोर फोडले, सर्वात कमी दरवाला ठरला. कागदोपत्री सगळं चोख, तरी मन घेत नाहीये. सही करण्याआधी नेमकं काय बघू?

मोजपट्टी: जिंकलेल्याची निविदा बाजूला ठेवा, हरलेल्या दोघांच्या वाचा. मी बावीस वर्षं हेच केलं. एकदा दोन्ही शेजारी ठेवल्या तर दुसऱ्याचा प्रत्येक दर पहिल्यापेक्षा बरोबर सहा टक्क्यांनी जास्त. खोदाई, सळई, गिलावा, अगदी दाराचे कडी-कोयंडेसुद्धा! वर दोघांचीही बेरीज एकाच पानावर चुकलेली. याला, म्हणजे ठरलेल्याला जिंकवायला नुसती स्पर्धा दाखवण्यासाठी भरलेल्या निविदेला, आम्ही 'सपोर्ट टेंडर' म्हणायचो. ब्रिटनमध्ये २००९ साली असल्याच प्रकारांसाठी १०३ बांधकाम कंपन्यांना मिळून १२ कोटी ९५ लाख पौंड दंड झाला होता (पुढे अपिलात बऱ्याच जणांचा कमी झाला, तो भाग वेगळा).

छोटा_ठेकेदार: लाज सोडून सांगतो, मीही एकदा असा दर भरलाय. फोनवर आकडा आला, "याच्या खाली येऊ नकोस, पुढचं काम तुझं." पुढचं काम अजून यायचंय.
पात्रतेच्या अटीही वाचा. एखादी अट कामासाठी घातलीय की कुणाला बाहेर ठेवायला, ते लगेच कळतं.

नवशिका_सदस्य: हरलेल्यांचे दर एकमेकांशी जुळत नाहीत. पण जिंकणाऱ्याचा कठीण खडकातल्या खोदाईचा दर अंदाजपत्रकाच्या तिप्पट आणि फरशीचा अगदीच किरकोळ. एकूण मात्र सर्वात कमी?

मोजपट्टी: मेख तिथेच आहे. खडकाचं परिमाण कमी धरलं असणार. उद्या "खडक जास्त लागला" म्हणून ते वाढेल, बिल त्याच तिप्पट दराने निघेल, आणि स्वस्तातली फरशी नंतर कामातून वगळतील. निविदेच्या दिवशी सगळे डोळे लावून बसतात, मोजमाप पुस्तक (प्रत्यक्ष झालेल्या कामाची मापं ज्यात लिहितात ते) मात्र कुणी उघडत नाही. खडक दुप्पट धरून तिन्ही बेरजा पुन्हा करा. जमिनीखाली काय आहे ते बघायला खणलेल्या चाचणी खड्ड्यांचा अहवालही मागा.

नवशिका_सदस्य: केल्या. पहिला थेट तिसऱ्या नंबरवर गेला. अहवाल फाइलमध्ये नाहीच. लेखी मागितलाय, सही थांबवलीय.