मदत हवी आहे: लाकडी डेक काढून कंपोझिट बसवायचा आहे

नमस्कार मंडळी. घरामागचा लाकडी डेक आता पार थकलाय. पायऱ्यांजवळच्या फळ्यांत स्क्रू ड्रायव्हर टोचला की सहज आत जातो, खिळ्यांची डोकी वर आली आहेत. आई रोज सकाळी तिथेच बसते, त्यामुळे फार काळजी वाटते. दरवर्षी घासून तेल लावत बसण्यापेक्षा लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून बनलेल्या कंपोझिट फळ्या टाकाव्यात, असं ठरतंय.

खरी अडचण खालच्या सांगाड्याची आहे. फक्त वरच्या फळ्या बदलून जुन्या तुळया तशाच ठेवता येतील का? कंपोझिट लाकडापेक्षा जास्त लवतं, म्हणून तुळयांमध्ये साधारण १६ इंच आणि फळ्या तिरप्या बसवल्या तर १२ इंच अंतर ठेवतात. आमच्याकडे ते २४ इंच आहे. मध्ये नव्या तुळया घालून कुणी भागवलंय का, की सगळंच नव्याने केलेलं बरं? घराच्या भिंतीला जोडलेली तुळई आतून कुजली आहे का, हे फळ्या न उचलता कसं तपासायचं?

आणि उन्हाचं काय? गडद फळ्या जास्त तापतात, म्हणून फिकट रंग घ्यायचा विचार आहे. त्यावर दुपारी अनवाणी चालता येतं का, पावसात पाय घसरतो का, हे वापरणाऱ्यांनी जरूर सांगा.