थंड समुद्रावरून छोट्या विमानानं जायचंय, राफ्ट पुरेल का?

कृष्णाकाठ_सांगली
मुलगी कॅनडात व्हँकुव्हरजवळ विमान चालवायला शिकतेय. पुढच्या महिन्यात सरांबरोबर सेसना १७२ नं समुद्र ओलांडून व्हँकुव्हर बेटावर जायचं म्हणते. इंजिन एकच. हिवाळ्यात पाणी ७-८ अंश. लाइफ जॅकेट घालणार, राफ्ट, म्हणजे फुगवायची होडी, मागच्या सीटवर. पाणी आत येऊ न देणारा रबरी सूट भाड्यानं मिळतो, पण घाम येतो म्हणून तिला नको. मी बायकोला सांगतो, पोरगी आयर्विन पुलाखाली कृष्णेत पोहून मोठी झालीय, काळजी नको. झोप मात्र मलाच लागत नाही.

निवृत्त_नौसैनिक_सातारा
दादा, कृष्णेचं पोहणं तिथं कामाला येत नाही. गार पाण्यात पडलं की पहिलं मिनिटभर धाप लागते, आवरत नाही. तेव्हा तोंड पाण्याखाली असलं की संपलं. पुढं दहाएक मिनिटं हातपाय ऐकतात, मग बोटं लाकडासारखी. शुद्ध जायला तासभर लागतो, पण त्याआधीच माणसं बुडतात. म्हणून सूट अंगावरच हवा, चेन गळ्यापर्यंत लावलेली.
राफ्टचं म्हणाल तर सेसनाची चाकं आत जात नाहीत, पाण्याला टेकताच विमान उलटू शकतं. आम्हाला नौदलात पिंजऱ्यात बांधून पाण्यात उलटं करायचे. डोळे उघडे असून वर-खाली कळत नाही. मागच्या सीटवरचं काय सापडणार? टेकायच्या आधी दार किलकिलं करून फटीत बूट अडकवायचा, एक हात दाराच्या चौकटीवर, मग पट्टा सोडायचा. जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं. १९९६ साली कोमोरोसजवळ इथिओपियन एअरलाइन्सचं विमान समुद्रात उतरलं, तेव्हा आतच जॅकेट फुगवल्यामुळे कित्येक जण छताला चिकटून अडकले.

वाईकर
उंचीचंही विचारा. इंजिन बंद पडलं तर ही सेसना १ किलोमीटर उंचीवरून साधारण ९ किलोमीटर जाते. काठ १५ किलोमीटरवर असेल तर साडेपाच हजार फूट नुसते हिशेबापुरते झाले, समोरून वारा असेल तर आणखी वर. आणि ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारं छोटं यंत्र, खिशात, दोरीनं बांधलेला. बॅगेत नको. तिच्या नावावर नोंदवलेला आहे ना, तेवढं बघा.

कृष्णाकाठ_सांगली
फोन झाला. सर स्वतः सूट घालूनच बसतात म्हणे, हिनंच आपला नको म्हणून सांगितलं होतं! मी ओरडलो. आता खोलीत हातमोजे घालून चेन लावायचा सराव करतेय. बायको विचारते, आत स्वेटर घालायचा का?

निवृत्त_नौसैनिक_सातारा
वहिनींना सांगा, घालायचाच. तो सूट फक्त पाणी अडवतो, ऊब आतल्या कपड्यांची. लोकरीचे दोन थर घालू दे. सुती नको, घामानं भिजलं की गारठतं.