जिन्याच्या भिंतीलगत तिरकी स्कर्टिंग : माप कसे घ्यावे, फळी कशी बसवावी

बंगला क्र. ४ : सर्वांना नमस्कार. आमच्या घरातल्या जिन्याच्या भिंतीला हात आणि पाय लागून डाग पडले आहेत. फरशी पुसताना उडालेल्या पाण्याने खालच्या हातभर पट्ट्यातला रंगही उतरू लागला आहे. म्हणून भिंतीलगत खालपासून वरपर्यंत लाकडी तिरकी स्कर्टिंग बसवून घ्यायचे ठरवले आहे. जिना जुनाच ठेवायचा आहे. पायऱ्या कोटा फरशीच्या असून त्या काढायच्या नाहीत. काल आलेल्या सुताराने एका पायरीची रुंदी व उंची मोजली, पायऱ्या मोजल्या, गुणाकार केला आणि फळी कारखान्यातच खाचा पाडून आणतो असे सांगितले. हे मला पटलेले नाही. क्र. ११ च्या काकांनी बांधकामाच्या साइटवर बरीच वर्षे काढली आहेत, त्यांनी कृपया सल्ला द्यावा.

बंगला क्र. ११ : ताई, तुमची शंका रास्त आहे. अशा पद्धतीने आणलेली फळी पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर बसते आणि पुढे जागा सोडू लागते. स्लॅब ओतताना पायऱ्या कधीच अगदी सारख्या होत नाहीत, त्यावर फरशी बसवताना गवंडी मसाल्याची जाडी कमी-जास्त करून उंची जुळवतो, आणि एका पायरीतला दोन सुतांचा (म्हणजे पाव इंचाचा) फरक नवव्या पायरीपर्यंत साचत जातो. आपल्या इथे तर अनेकांनी हॉलमध्ये जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवली आहे, त्यामुळे सर्वांत खालची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी झाली आहे. म्हणून गुणाकार फक्त सामान किती लागेल हे काढण्यापुरताच वापरावा. खाचांच्या खुणा जिन्यावरच करून घ्याव्यात.

आपल्या पायरीचे सर्वसाधारण माप कळवाल का? नोजिंग, म्हणजे फरशीची पुढे आलेली कड, किती आहे तेही पाहा.

बंगला क्र. ४ : एका नोजिंगपासून दुसऱ्या नोजिंगपर्यंतचे आडवे अंतर १० इंच, उंची ७ इंच, नोजिंग पाऊण इंच. एका टप्प्यात ९ पायऱ्या, मग लँडिंग, आणि पुन्हा तेवढ्याच.

बंगला क्र. ११ : मग हिशेब असा होतो. १० चा वर्ग अधिक ७ चा वर्ग म्हणजे १४९, त्याचे वर्गमूळ सुमारे १२.२. एका पायरीमागे तिरकी लांबी सव्वाबारा इंचांना थोडी कमी. ९ पायऱ्यांची सुमारे ११० इंच, म्हणजे ९ फूट २ इंच. प्लायचा पत्रा ८ फुटांचा असतो, तेव्हा सांधा येणारच. दीड फुटाचा तुकडा शेवटी जोडण्यापेक्षा साडेपाच आणि चार फूट अशी विभागणी बरी दिसते. सांधा ओळंब्यात उभा ठेवावा, दोन्ही तुकड्यांची टोके ४५ अंशांत तासून एकावर एक चढवावीत, म्हणजे लाकूड आकसले तरी मागची भिंत फटीतून दिसत नाही.

रुंदीच्या बाबतीत बहुतेक जण फसतात. ४ इंचांची स्कर्टिंग हवी म्हणून ४ इंचांची फळी आणली तर ती नोजिंगांवर टेकून राहते आणि खाली प्रत्येक पायरीला उघडा त्रिकोण उरतो. नोजिंगांना जोडणाऱ्या रेषेपासून पायरीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचे काटकोनातले अंतर तुमच्या मापाने सव्वासहा इंचांच्या आसपास येते. त्यावर ४ इंच दिसायला हवेत. म्हणून साडेदहा इंच रुंदीची पट्टी कापून घ्यावी. ४ फुटी पत्र्यातून अशा चार पट्ट्या निघतात, आणि तुमच्या दोन्ही टप्प्यांना तीनच लागतील.

बंगला क्र. ९ : काका, एवढा खटाटोप करण्यापेक्षा ग्रॅनाइटची पट्टी प्रत्येक पायरीला आडवी व उभी का लावू नये? सोसायटीच्या क्लब हाउसच्या जिन्याला तशीच आहे.

बंगला क्र. ११ : लावता येते, आणि सार्वजनिक जिन्याला तीच योग्य, आग लागल्यावर ज्या वाटेने लोक खाली उतरणार तिथे लाकूड-प्लाय नकोच. घरात मात्र त्या पट्टीच्या प्रत्येक कंगोऱ्यावर धूळ बसते, आणि जुन्या जिन्यावर ती बसवायची तर प्लास्टर फोडावे लागते किंवा दगड भिंतीबाहेर आलेला दिसतो. तिरक्या फळीची वरची कड एकच, फडके एकदा फिरवले की झाले. अर्थात हे माझे मत, क्र. ९ चा जिना ग्रॅनाइटचाच शोभेल हेही खरे.

आता खुणा करण्याची रीत सांगतो. पट्टी भिंतीला चिकटवून नोजिंगांवर टेकवावी आणि दोन बारीक खिळ्यांनी तात्पुरती अडकवावी. मध्ये एखादे नोजिंग उंच असेल तर फळी डुलते. तेव्हा वरच्या आणि खालच्या नोजिंगावरून दोरी ताणून फळी दोरीला समांतर करून घ्यावी. मग फळीच्या खालच्या कडेपासून प्रत्येक पायरीच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचे उभे अंतर मोजावे. तुमच्याकडे ते साडेसात इंचांच्या जवळपास येईल, पण सगळीकडे नेमके तेवढे नसेल. त्यांतले सर्वांत मोठे अंतर धरावे. फळी तेवढी सरळ खाली उतरणार आहे, म्हणून प्रत्येक पायरीच्या पृष्ठभागापासून तेवढ्याच उंचीवर फळीवर आडवी रेघ मारत जावे. त्या उंचीचा लाकडी ठोकळा करून घेतला तर टेप पुन्हा पुन्हा धरावी लागत नाही. पायरीचा उभा भाग जिथे आहे तिथून स्पिरिट लेव्हल उभी धरून वर फळीवर रेघ न्यावी. नोजिंगच्या गोलाईसाठी पुठ्ठ्याचा साचा कापून तोही तितकाच वर उचलून उमटवावा.

बंगला क्र. ४ : पण नोजिंगच्या खाली जाणारा भाग आत कसा शिरेल? फळी वरून खाली येताना तो नोजिंगवरच अडेल.

बंगला क्र. ११ : बरोबर ओळखलेत. फळी आधी खालच्या बाजूला, म्हणजे पायऱ्या उतरतात त्या दिशेला, इंचभर पुढे धरायची, तशीच सरळ खाली उतरवायची आणि मग मागे सरकवायची. नोजिंग खाचेत शिरते. त्यासाठी खालच्या टोकाला इंचभर जागा मोकळी लागते, म्हणून हॉलची स्कर्टिंग आणि जिन्याची फळी यांच्यामधला तुकडा शेवटी बसवावा. कापताना करवत किंचित तिरकी धरून फळीची मागची बाजू थोडी जास्त तासली की पुढची कड फरशीशी नीट जुळते. उरलेसुरले कानशीने उतरवावे.

लँडिंगला मिळते तिथे एक बारकावा आहे. तुमच्या जिन्याचा चढ ३५ अंशांचा आहे. तिथे फळी ओळंब्यात उभी कापली तर ४ इंचांचा दिसणारा भाग उभ्या मापाने जवळजवळ ५ इंच होतो आणि शेजारच्या ४ इंची आडव्या पट्टीला जुळत नाही. दोन्ही तुकडे साडेसतरा अंशांनी कापले तर कडा एकमेकींना मिळतात.

बंगला क्र. १५ : आमच्या जिन्याची भिंत पश्चिमेची आहे, पावसाळ्यात पोपडे निघतात. तिथे हे चालेल का?

बंगला क्र. ११ : बाहेरून ओल येते तोवर मुळीच नको. फळीमागे ओल कोंडली की वाळवीला आमंत्रण. आधी बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा बुजवाव्यात, भिंत पूर्ण वाळू द्यावी, मगच विचार करावा. कोरड्या भिंतीलासुद्धा आयएस ७१० (भारतीय मानकाचा क्रमांक) छापाचे मरीन प्लायच घ्यावे; आयएस ३०३ चे स्वस्त पडते, पण रोज ओल्या फडक्याशी गाठ असलेल्या जागी ते वापरू नये. कापलेल्या प्रत्येक कडेला बसवण्यापूर्वी प्रायमरचे दोन हात द्यावेत, कारण पाणी शिरते ते तिथूनच. फरशीशी अर्ध्या सुताची फट ठेवून ती सिलिकॉनने भरावी.

बंगला क्र. २ (सचिव) : ड्रिलिंगचे काम दुपारी २ ते ४ या वेळेत करू नये, ही विनंती सर्वांसाठीच आहे.

बंगला क्र. ११ : ड्रिलचा विषय निघाला म्हणून सांगतो. जिन्याच्या वरच्या-खालच्या स्विचची आणि पायदिव्यांची वायर याच भिंतीतून गेलेली असते. स्क्रू मारण्यापूर्वी डिटेक्टर फिरवावा आणि मेन स्विच बंद ठेवावा. स्क्रू दीड-दोन फुटांवर, प्लास्टरपार विटेत प्लग घालून. सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक हवाच.

बंगला क्र. ४ : सुताराला हे सगळे वाचून दाखवले. फळी इथेच जिन्यावर आखून कापायला तो तयार आहे, फक्त मजुरी धावत्या फुटावर न घेता पायरीमागे घेईन म्हणतो.

बंगला क्र. ११ : पायरीमागेच द्या. खरे काम खाचांचे आहे, लांबीचे नाही. मात्र खालच्या तीन पायऱ्यांचा साचा त्याला आधी ४ मिमी प्लायमध्ये कापून दाखवायला सांगा, आणि तो नीट बसल्यावरच मरीन प्लायला करवत लावू द्या.