ओएसची टेस्ट व्हर्जन वापरायची आहेत: कोणता चॅनल, कोणतं मशीन? (नागपूर)

खामलेकर
नमस्कार मंडळी. रामदासपेठेत एका सीएंकडे आर्टिकलशिप करतो. विंडोज-लिनक्सची नवी व्हर्जन बाजारात यायच्या आधी वापरून पाहायची फार दिवसांची खाज आहे. व्हिडिओ पाहून पोट भरलं, आता स्वतः करायचंय. घरी दोन मशीन आहेत.

रोजचा लॅपटॉप: बाराव्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम, विंडोज ११ होम. टॅली, क्लायंटच्या फायली, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन, सगळं यावरच.
जुना: सहाव्या पिढीचा आय३, ४ जीबी, हार्ड डिस्कवाला, बॅटरी बाद. आई त्यावर बचत गटाचा हिशेब मराठीत लिहिते.

विंडोजची टेस्ट व्हर्जन आधी देणाऱ्या इन्सायडर कार्यक्रमात बीटा चॅनल घेऊ की त्याहून कच्चा डेव्ह? रोजच्या लॅपटॉपवर बीटा सहज चालतो असं एक मित्र सांगून राहिला.

तर्रीवाला
त्या मित्राला विचार, २० तारखेला क्लायंटचं जीएसटीचं ३बी रिटर्न भरायला त्याचा लॅपटॉप देतो काय म्हणावं.

कंपनी क्लायंट असला की डीएससीशिवाय रिटर्न जात नाही. टोकनला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, वरून सही करणारं सॉफ्टवेअर वेगळं. नव्या बिल्डमध्ये (टेस्ट व्हर्जनमध्ये) यातलं एक जरी रुसलं तर तू रात्री ११ वाजता सरांना काय सांगशील, बीटा आहे म्हणून? आणखी एक: इन्सायडरला नाव नोंदवताना ऐच्छिक डायग्नोस्टिक डेटा पाठवणं चालू ठेवावंच लागतं. क्लायंटच्या फायली असलेल्या मशीनवर हे काहून करायचं? चॅनल कोणता हा प्रश्नच नंतरचा. रोजचं मशीन यातून बाद.

जुना_पेंटियम
तर्रीवाल्यांशी सहमत. चॅनल निवडताना लोक नवीन काय मिळेल ते पाहतात. मी बाहेर कसं पडता येईल ते पाहतो.

रिलीज प्रिव्ह्यू या सगळ्यात पक्क्या चॅनलमधून परत येणं सोपं. बीटामध्ये पुढची आवृत्ती सगळ्यांसाठी आली की तिथे थांबून बाहेर पडता येतं. डेव्ह आणि २०२३ मध्ये जोडलेला, सगळ्यात कच्चा कॅनरी, इथून खाली उतरायचं तर सहसा सगळं पुसून नव्याने विंडोज टाका. अपडेटनंतर मागे जायचं बटण असतं, पण साधारण १० दिवसच. शिवाय प्रिव्ह्यू बिल्डला मुदत असते. विनव्हर ही कमांड चालवली की दिसते, अपडेट करत राहिलं नाही तर बिल्ड संपतं.

तुमचा जुना लॅपटॉप मात्र या शर्यतीत नाहीच. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आडवाटेने टाकता येतं, पण मग बिघाड बिल्डचा की तुमच्या जुगाडाचा, हे कळणार कसं?

विंडोजच पाहायचं असेल तर रोजच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आत चालणारा दुसरा, नकली कॉम्प्युटर) करा. त्यासाठीचं मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही होममध्ये मिळत नाही, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर. ७.० पासून त्यात व्हर्च्युअल टीपीएम आहे. १६ पैकी ६ जीबी रॅम द्या, आत वेगळं मायक्रोसॉफ्ट खातं वापरा, क्लायंटचं फोल्डर शेअर करू नका. अपडेटच्या आधी स्नॅपशॉट (परत जाता येईल अशी त्या क्षणाची प्रत) घ्या. हिरवी स्क्रीन आली तर घाबरू नका, प्रिव्ह्यू बिल्ड कोसळलं की हिरवीच येते.

मोरभवन_स्टॉप
काका, व्हर्च्युअल मशीन म्हणजे काठावर बसून पोहणं. झाकण बंद करून उघडल्यावर वायफाय परत येतं का, टचपॅड अडकतो का, मे महिन्यात दुपारी पंखा किती कोकलतो, हे सगळं खऱ्या मशीनवरच कळतं. आणि बग तिथेच सापडतात.

भाऊ, जुन्याला बर्डीवरून २५६ जीबीची एसएसडी घे, त्यावर लिनक्स टाक. लिनक्समधल्या उबुंटूची आवृत्ती दर एप्रिल आणि ऑक्टोबरला येते, बीटा त्याच्या काही आठवडे आधी, आणि अधीर लोकांसाठी रोजची बिल्ड असतातच. ४ जीबीत मूळ उबुंटू रखडेल, लुबुंटू किंवा झुबुंटू ही त्याची हलकी रूपं घे, त्यांचीही टेस्ट बिल्ड निघतात.

असल्या कच्च्या आवृत्त्या वापरणाऱ्यांमुळे काय होतं बघ. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियन या लिनक्सच्या अनस्टेबल (कच्च्या) शाखेवर एसएसएच लॉगिन (दुरून मशीनमध्ये शिरणं) सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं. खणत गेला तर एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कोणीतरी मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा निघाला! बहुतेक स्थिर आवृत्त्यांपर्यंत तो पोचायच्या आत पकडला गेला. उबुंटू २४.०४ चा बीटासुद्धा त्यापायी आठवडाभर लांबला.

अजनीवाली
मी डीटीपीचं (छपाईसाठी मजकूर मांडायचं) काम करते. मशीनवर तुम्ही सगळे बोललात, पण टेस्ट काय करायचं ते कोणीच सांगितलं नाही. नवीन वॉलपेपर बघायला बीटा कशाला हवा?

खामलेकर, तुम्ही मराठी तपासा. माझी एक चाचणीची फाइल आहे. त्यात दर्या आणि दऱ्या, आचार्यास आणि आचाऱ्यास, वाङ्मय, ॲप, आणि मराठी वळणाचे ल आणि श. नवं बिल्ड आलं की हीच फाइल उघडायची, इनस्क्रिप्ट कीबोर्डने पुन्हा टाइप करायची, मग पीडीएफ काढून छापून बघायची. पडद्यावर दऱ्या नीट दिसतात आणि पीडीएफमधून कॉपी केलं की र फुटलेला, असं होतं. मराठीची भाषा निवडूनही ल हिंदी वळणाचा येतो. हे बाहेरच्या टेस्टरला दिसणारच नाही, त्याच्या लेखी दोन्ही बरोबर.

आणि तक्रार लिहाल तर "मराठी नीट दिसत नाही" असं लिहू नका. बिल्ड क्रमांक, फॉन्ट, कीबोर्ड, कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, काय यायला हवं होतं, काय आलं, दोन्हींचे फोटो. एका तक्रारीत एकच बग. विंडोजमध्ये विंडोज आणि एफ दाबलं की तक्रार लिहायचा फीडबॅक हब उघडतो, उबुंटूत टर्मिनलवर उबुंटू-बग ही कमांड. आधी कोणी तेच लिहिलंय का शोधा आणि त्यालाच मत द्या. २०१८ च्या ऑक्टोबरमधलं विंडोज १० चं अपडेट आठवतं? काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली उडाल्या म्हणून मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. इन्सायडरनी हे आधीच कळवलं होतं, पण तक्रारींना मतं कमी म्हणून त्या खालीच राहिल्या.

खामलेकर
ताई, ती फाइल टाका ना इथे. ठरलं: विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये, जुन्यावर एसएसडी आणि लुबुंटू. पण आईच्या हिशेबाचं काय करू? आणि बॅटरी नाही, लाईट तर रोज दुपारी जाते.

जुना_पेंटियम
एसएसडी लावताना आईची हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवा, पुसू नका. फायली पेन ड्राइव्हवर आणि मेलवर. एक्सेलमध्ये जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये लिहिलं असेल तर लिनक्समध्ये अक्षरांऐवजी भलतंच दिसेल, तेव्हा आधी युनिकोड करून घ्या. अपडेटच्या मध्येच लाईट गेली तर सिस्टीम अर्धवट राहते, म्हणून इन्व्हर्टरच्या पॉइंटला लावा किंवा रात्री करा. रोजच्या लॅपटॉपची बिटलॉकर रिकव्हरी की (लॉक झालेली डिस्क उघडायचा आकडा) आजच कागदावर उतरवून ठेवा, पुढे कधी बायोसमध्ये हात घातलात तर ती मागेल.

तर्रीवाला
अन् आईले पहिले विचार बे. बचत गटाची मीटिंग कधी आहे ते पाहून मशीन उघड.

अजनीवाली
फाइल संध्याकाळी टाकते. त्यात ज्ञ आणि क्ष चे दोन-दोन नमुने आहेत, लुबुंटूत ते कसे दिसतात त्याचा फोटो इथे लावा.