मदत हवी आहे: क्रोनोला फायटर बनवून राहिलो, गेजचं जमत नाई

भाऊ लोक, आयकेमेन गो या फायटिंग गेम बनवायच्या इंजिनवर क्रोनो ट्रिगर या रोल-प्लेइंग गेमच्या हिरोला, क्रोनोला, गेस्ट फायटर (दुसऱ्या गेममधून आणलेला लढवय्या) म्हणून बनवून राहिलो, गेम १९९५ चा आहे पण आमच्या धरमपेठच्या ग्रुपमधल्या पोट्ट्यांना अजूनही तोच पाहिजे. कटाना, वीज, गोल फिरून मारायचा सायक्लोन, सुपर (सगळ्यात मोठा वार) म्हणून ल्युमिनेअर, इथपर्यंत सोपं आहे. घोडं अडलं ड्युअल टेकवर, म्हणजे दोघांनी मिळून मारायच्या वारावर. मूळ गेममधे दोघांचे एटीबी गेज (वेळेनुसार भरणारी पट्टी, भरली की आपली पाळी) भरले की क्रोनो अन् त्याचा साथीदार फ्रॉग मिळून एक्स स्ट्राइक मारतात, साथीला लुक्का असली तर फायर व्हर्ल, आणि मला विचारलं तर हेच त्या सिरीजचं खरं काळीज आहे, ते काढलं तर उरतो फक्त लाल केसांचा एक तलवारवाला.

सुपर स्मॅश ब्रदर्स या फायटिंग गेममधे ड्रॅगन क्वेस्टच्या हिरोला मेनू अन् १०० एमपी (जादूचे पॉइंट) देऊन टर्न बेस्डचा, म्हणजे पाळीपाळीनं लढायचा, फील मस्त आणला, फायनल फॅन्टसी ७ च्या क्लाउडला लिमिट चार्ज (भरलं की वार जोरदार होतो) दिलं. टेक्कन ७ मधे फायनल फॅन्टसी १५ च्या नॉक्टिसचा वॉर्प (झटक्यात दुसरीकडे पोचणं) पण झकास, पण तो मुळातच ॲक्शन गेमवाला.

आता सांगा, गेज आपोआप भरू देऊ का मार दिल्यावरच? आपोआप ठेवलं तर समोरचा नुसता पळून टाइम काढते, मारावर ठेवलं तर एटीबी वाटतच नाई. दुसरं म्हणजे, फ्रॉग येतानाच क्रोनोला ठोसा बसला तर फ्रॉगनं वापस जावं का वार पुरा करावा? कोणी असिस्टवाला (मधेच साथीदाराला बोलावणारा) कॅरेक्टर कोड केला असन तर स्टेट (कोडमधल्या हालचालींच्या अवस्था) कसे ठेवले तेवढं सांगा ना बे.