परदेशातल्या शाळेत नोकरी शोधायची आहे, सोलापुरातून सुरुवात कुठून करू?

जुळे सोलापूरची बाई

नमस्कार. एम.एस्सी. गणित, बी.एड. झालंय. सात वर्षं एका विनाअनुदानित शाळेत आठवी ते दहावीला सेमीचं गणित शिकवते. हातात नऊ हजार, तेही दोन-दोन महिने रखडतात. पवित्र पोर्टलवरच्या सरकारी शिक्षक भरतीची वाट पाहण्यात वय निघून चाललंय. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, तिथेही पाळ्या कमी झाल्यात. मुलगी पाचवीत.

एका एजंटने दुबईच्या शाळेत लावतो म्हणून एक लाख ऐंशी हजार मागितलेत, निम्मे आधी रोख. म्हणतो, व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो. सासूबाई पाटल्या मोडायला तयार झाल्यात, त्यामुळे मला जास्तच भीती वाटतेय. शिवाय माझं बी.एड. एक वर्षाचं, पदवीवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. इंग्रजी वाचता-लिहिता येतं, बोलताना अडखळते. कोणी गेलेलं असेल तर सांगा.

मस्कतला नऊ वर्षं

पाटल्या मोडू नकोस. बाकीचं सगळं नंतर.

परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाकडे सरकारी नोंदणी असावी लागते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर यादी आहे, त्यात याचं नाव शोध. नोंदणी असलेल्यालाही 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. एक ऐंशी मागतोय तिथेच विषय संपला. आणि व्हिजिट व्हिसावर नोकरीला जायचंच नाही. आधी शाळेचं नेमणूकपत्र, मग त्यांनी काढलेला नोकरीचा व्हिसा, मग तिकीट.

मी मस्कतच्या एका भारतीय शाळेत गणित शिकवायचे. कोणालाही पैसे दिले नव्हते, शाळेच्या वेबसाइटवरून अर्ज केला होता. तिथल्या सीबीएसई शाळांचं वर्ष आपल्यासारखं एप्रिलला सुरू होतं, म्हणून डिसेंबरपासून मार्चपर्यंत रोज जाहिराती बघ. एक वर्षाच्या बी.एड.चं मनावर घेऊ नकोस. 2015 च्या आधी बहुतेकांचं तेवढंच होतं, माझंही.

आता नावाचं. माझ्या पदवीवर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं. यात माझे चार महिने गेले, आणि तोवर शाळेने जागा दुसरीला दिली. ते दुःख अजून आहे. पासपोर्ट अजून काढला नसशील तर माहेरच्या नावाने काढ, चालतो. लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असं नाही. सासरच्या नावाने काढला असशील तर लग्नाचा दाखला सोबत लागेल, काही ठिकाणी नाव बदलल्याचं राजपत्रही. पासपोर्टचं काम सोलापुरात पोस्टातच होतं.

पदवीची विद्यापीठाकडून पडताळणी, मग मुंबईत राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय. ओमानला परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का चालतो. दुबईला नुसता तो चालत नाही, तिथे पुढे त्यांच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. तुझी पदवी 2019 च्या आधीची असेल तर त्यावर नुसतं 'सोलापूर विद्यापीठ' असेल, आताचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. अर्जात कंसात दोन्ही लिही, नाहीतर तिकडचा कारकून वेगळं विद्यापीठ समजून कागद परत पाठवतो.

इंग्रजीची भीती मलाही होती. डेमो तास व्हिडिओवर असतो. मी महिनाभर रोज रात्री कपाटाच्या दारावर खडूने लिहून, समोर पोळीच्या डब्याला मोबाइल टेकवून स्वतःला शिकवलं. 'भागिले' तोंडातून जाऊन 'डिव्हायडेड बाय' यायला आठ दिवस लागले. द्विघाती समीकरण घेतलं, मुलांनी कुठे चुकायचं तेही मीच ठरवलं आणि ती चूक इंग्रजीत समजावली. मुलाखतीत नेमकं तेच विचारलं.

बार्शीचा, सध्या मालदीव

मालदीवमध्ये शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत आणि भारतीय शिक्षक भरपूर. गणित-विज्ञानाला मागणी असते. पण माले सोडून लांबच्या बेटावर नेमणूक झाली तर बोटीशिवाय हालचाल नाही. लहान मूल घरी ठेवून येणार असाल तर हे आधी मनाशी ठरवा. करारात राहायची सोय आणि वर्षातून एकदा घरी जायचं तिकीट आहे का, ते वाचूनच सही करा.

मस्कतला नऊ वर्षं

बार्शीच्या सरांचं बरोबर आहे. पहिलं वर्ष मी एकटी होते. मुलगी फोनवर पाढे म्हणून दाखवायची, तेराला अडकली की रडायची आणि मला जवळ घेता यायचं नाही. घरच्यांशी हे नीट बोल.

अजून एक. इंग्लंडने फेब्रुवारी 2023 पासून भारतातल्या प्रशिक्षित शिक्षकांना तिथल्या शिक्षक पात्रतेसाठी थेट अर्ज करायची सोय दिली आहे, पण 11 ते 16 वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांनाच. विषय आणि वयोगट बघता तू त्यात बसतेस, बाकीच्या अटी वाचून बघ. अर्जाला पैसे नाहीत. नोकरी आणि व्हिसा मात्र वेगळा मिळवावा लागतो, म्हणून आधी आखात, असं मला वाटतं.

जुळे सोलापूरची बाई

ताई, सर, मनापासून आभार. एजंटाला आज नाही म्हणून कळवलं, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पासपोर्ट काढलेला नाही, तो माहेरच्या नावानेच काढते. पण आधारवर सासरचं नाव, म्हणून दाखला जवळ असावा म्हटलं. कपाटातले सगळे कागद खाली काढले तर लग्नाचा दाखलाच नाही. लग्न अक्कलकोटला झालं, नोंदणी कोणी केलीच नाही. आता अक्कलकोटला जावं लागेल का?

मस्कतला नऊ वर्षं

नाही गं, तुम्ही राहता तिथे महापालिकेत होतं, उशीर झाला तरी. फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावलेल्या भटजींची सही लागते. लग्नपत्रिका माहेरी विचार, आईने नक्की जपून ठेवलेली असेल.